देवाच्या पावलावर पाऊल: रूनक्वेस्टमध्ये हिरोक्वेस्ट कशी चालवावी

रूनक्वेस्ट या रोलप्लेइंग गेममध्ये हिरोक्वेस्ट, म्हणजे देवाची जुनी गोष्ट पात्रांनी स्वतः पुन्हा जगणं, चालवायला बसलेल्या जीएमला (गेम मास्टर, खेळ चालवणारा) पहिला प्रश्न हमखास पडतो: गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, शेवटही ठाऊक आहे, मग टेबलावर खेळायचं काय? डंजनमध्ये, म्हणजे भुयारातल्या साहसात, पुढच्या दाराआड काय आहे हे गुपित असतं आणि त्या गुपितावर अख्खं सेशन निघतं. इथे ते नाही. वादळाचा देव ड्रॅगनला मारतो आणि पाऊस मोकळा होतो, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

पण कीर्तनाला बसलेल्या माणसालाही आख्यानाचा शेवट ठाऊक असतो, तरी तो उठून जात नाही. हिरोक्वेस्टमध्ये खेळाडूला विचारायचं ते एवढंच: देव या जागी असा वागला, तू इथे उभा आहेस, तू काय करशील? अख्खी तयारी या एका प्रश्नासाठी करायची असते. ती कशी करायची, टेबलावर ती कशी निभवायची आणि खेळाडूने देवाची वाट सोडली तर काय करायचं, ते पुढे सांगतो.

थोडी पार्श्वभूमी

ग्रेग स्टॅफर्ड यांनी ग्लोरँथा या कल्पित जगाच्या गोष्टी १९६६ मध्ये लिहायला घेतल्या. १९७५ मध्ये त्या जगावर बोर्डगेम आला आणि १९७८ मध्ये रूनक्वेस्ट हा रोलप्लेइंग गेम. सध्याची आवृत्ती २०१८ पासूनची. टक्केवारीवर चालणारी कौशल्यं, पात्राच्या अंगी असलेले रून (हवा, सत्य, गती अशा मूळ शक्ती) आणि प्रेम, निष्ठा, द्वेष यांना आकडे देणाऱ्या पॅशन्स या तीन गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो.

ग्लोरँथाचा पाया समजला की हिरोक्वेस्ट आपोआप समजते. आधी देवकाळ होता. त्यात देव मन मानेल तसे वागले, भांडले, एकमेकांना मारलं, आणि शेवटी जग बुडायची वेळ आली. तेव्हा उरलेल्या देवांनी महातडजोड केली. त्यातून काळ जन्मला, सूर्य पुन्हा उगवला आणि देव आपापल्या कृत्यांत कायमचे बांधले गेले. ते आता नवं काही करू शकत नाहीत. नवं करू शकतो तो माणूस. माणूस विधी करून देवकाळात शिरतो, देवाच्या जागी उभा राहतो, देवाने केलं ते पुन्हा करतो आणि त्यातलं बळ घेऊन आपल्या गावी परततो. हीच हिरोक्वेस्ट.

मूळ नियमपुस्तकात याची संपूर्ण यंत्रणा दिलेली नाही, ती जीएमला बांधावी लागते. मला यात अडचण वाटत नाही. रून आणि पॅशन हे दोन आकडे पात्राच्या पानावर असताना आणखी फारसं काही लागतही नाही.

पहिली पायरी: गावाची गरज ठरवा

मिथक निवडायच्या आधी गाव निवडा. गावाला काय हवंय? 'आम्हाला जादूची तलवार हवी' या कारणासाठी हिरोक्वेस्ट काढली तर ती पहिल्याच तासात साध्या लुटीसारखी वाटू लागते. ग्लोरँथातल्या सार्टार या प्रदेशातलं एखादं कुळ घ्या. दोन हंगाम पाऊस नाही. गुरं हाडांवर आली आहेत. शेजारच्या कुळाच्या विहिरीला पाणी आहे, पण त्यांच्याशी जुनं वैर आहे. कुळातली तीन घरं गाव सोडायच्या गोष्टी करताहेत.

ही माहिती सांगून टाकू नका, खेळाडूंकडून काढून घ्या. प्रत्येकाला एक प्रश्न विचारा. 'तुझ्या घरातलं कोण आजारी आहे?' 'शेजाऱ्यांशी वैर कशावरून सुरू झालं?' 'गाव सोडायला निघालेल्यांत तुझं कोण आहे?' आलेली उत्तरं वहीत लिहून ठेवा. देवकाळात भेटणारी माणसं तुम्ही याच उत्तरांतून घडवणार आहात, म्हणून हा अर्धा तास वाचवू नका.

वेळही ठरवा. ग्लोरँथाचं वर्ष २९४ दिवसांचं: प्रत्येकी ५६ दिवसांचे पाच ऋतू आणि शेवटी १४ दिवसांचा पवित्र काळ. त्या चौदा दिवसांत सगळं कुळ विधी करून जग नव्याने उभं करतं. पहिल्या हिरोक्वेस्टसाठी ही वेळ सर्वांत सोयीची, कारण सगळा गाव एका जागी असतो आणि पाठीशी उभा असतो.

दुसरी पायरी: मिथक लिहा आणि वाचून दाखवा

मिथक आठ-दहा वाक्यांत बसलं पाहिजे. मोठं झालं की खेळाडू विसरतात, आणि हिरोक्वेस्टमध्ये गोष्ट न आठवणं ही वेगळीच आपत्ती असते. दुष्काळासाठी मी वादळाचा देव ऑरलँथ आणि ड्रॅगन अरोका यांची गोष्ट घेतो. ती अशी लिहिता येते:

'पाऊस येईना. पावसाचा देव हेलर कुठे गेला कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑरलँथ धुळीच्या शेतात उभा राहिला आणि त्याने लोकांना शब्द दिला: पाण्याशिवाय परतणार नाही. वाटेत रात्र झाली. परक्याच्या दारी त्याने हत्यार बाहेर ठेवलं आणि पाहुणा म्हणून जेवला. डोंगरापलीकडे निळा ड्रॅगन अरोका वेटोळं घालून पडला होता. त्याने हेलरला गिळलं होतं. ऑरलँथ त्याच्याशी लढला, त्याला मारलं, हेलरला सोडवलं. हेलरला त्याने बंदी केलं नाही, मित्र केलं. दोघं मिळून घरी आले आणि पाऊस पडला.'

अरोकाने हेलरला गिळणं, ऑरलँथने त्याला मारून पाऊस मोकळा करणं हा ग्लोरँथातला गाभा आहे. शब्द देणं आणि परक्याच्या दारचं जेवण ही ठिकाणं मी टेबलासाठी घातलेली आहेत. असं बेधडक करा. प्रत्येक कुळ तीच गोष्ट आपल्या तऱ्हेने सांगतं, आणि 'तुमची ग्लोरँथा वेगळी असणार' हे तर या खेळाच्या लोकांचं जुनं बोधवाक्यच आहे.

मिथक वाचून दाखवल्यावर त्याचा कागद टेबलाच्या मध्ये ठेवा. खेळाडूंनी तो पुन्हा पुन्हा बघितला तर बघू द्या. पात्रं या गोष्टी लहानपणापासून ऐकत आलेली असतात, त्यामुळे खेळाडूच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेण्यात काही अर्थ नाही.

तिसरी पायरी: ठाणी बांधा

गोष्टीतली प्रत्येक महत्त्वाची कृती म्हणजे एक ठाणं. पहिल्या खेपेला चार-पाच पुरेत. वरच्या गोष्टीतून पाच निघतात: शब्द, जेवण, झुंज, सुटका, परतणं. प्रत्येकासाठी वहीत चार गोष्टी लिहा. देवाने इथे काय केलं? त्या जागी आपल्या पात्रांच्या आयुष्यातलं कोण उभं आहे? कोणता रून, कोणती पॅशन किंवा कोणतं कौशल्य लागेल? आणि जमलं नाही तर वाट कशी वळेल?

यातला दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. तो गाळला तर तुम्ही फक्त जुनी गोष्ट नव्याने सांगत बसता. जेवणाचं ठाणं जरा जवळून बघू. देव परक्याच्या दारी शस्त्र ठेवून जेवला. आता तुमच्या ऑरलँथच्या उपासकाकडे शेजारच्या कुळाविषयी ८०% द्वेष आहे, कारण त्यांच्या एका माणसाने त्याच्या भावाला मारलं. दार उघडतं. दारात तोच माणूस. देवकाळात तो कुणी प्राचीन यजमान आहे, पण चेहरा त्याचा, भुवईवरची जखम त्याची. तो म्हणतो, 'ये पाहुण्या. हत्यार तिथे ठेव. पाणी घे.'

इथे थांबा आणि खेळाडूकडे बघा, काहीही सुचवू नका. तो म्हणाला, 'मी तलवार ठेवतो,' तर द्वेषाचा रोल मागा, म्हणजे त्या टक्केवारीवर फासे टाकायला सांगा. नियमांप्रमाणे पॅशन ८०% किंवा वर गेली की पात्राला तिच्याप्रमाणे वागावं लागेल का, यासाठी जीएम रोल मागू शकतो. द्वेष जिंकला, तर त्याच्याविरुद्ध मानाची किंवा कुळनिष्ठेची पॅशन उभी करायची संधी द्या. दोन पॅशन्सची टक्कर. जेवण झालं तर पात्राने देवाचं काम केलं. नाही झालं तर हात मुठीवर जातो, दार बंद होतं आणि रात्र उघड्यावर काढावी लागते. पुढच्या झुंजीत पात्र दमलेलं असेल आणि त्या यजमानाचे भाऊ त्याच्या मागावर असतील.

शब्दाचं ठाणं लहान असलं तरी हलकं घेऊ नका. धुळीच्या शेतात उभे असलेले लोक पात्राकडे बघताहेत. खेळाडूला त्याच्याच शब्दांत वचन द्यायला सांगा, ते जसंच्या तसं लिहून घ्या आणि शेवटच्या ठाण्यावर वाचून दाखवा. 'मी पाणी आणीन' आणि 'मी या मुलांना मरू देणार नाही' ही दोन वेगळी वचनं आहेत. दुसरं वचन देणाऱ्याला परतताना पूर आला तर काय, हा विचार तुमच्या वहीत आधीच हवा.

'परतणं' हे ठाणं कापू नका. नवखे जीएम झुंजीनंतर सेशन आटोपतात आणि सगळ्यात चांगला भाग हातचा घालवतात. इथे आपल्या घरचाच दाखला आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं ३२वं सूक्त इंद्र आणि वृत्राचं. वृत्राने अडवलेलं पाणी इंद्र वज्राने मोकळं करतो आणि हंबरत धावणाऱ्या गायींसारखं पाणी समुद्राकडे जातं. पण सूक्त विजयावर थांबत नाही. शेवटी ऋषी इंद्रालाच विचारतो: वृत्राला मारल्यावर तुझ्या मनात भीती शिरली, घाबरलेल्या ससाण्यासारखा तू नव्व्याण्णव नद्या ओलांडून पळालास, तेव्हा तुला कोण सूड घेणारा दिसला? उत्तर सूक्तात नाही. ऑरलँथही वादळाचा देव आणि त्यानेही पाणी अडवणाऱ्याला मारलं, म्हणून हा प्रश्न परतण्याच्या ठाण्यावर सरळ उचलून ठेवता येतो. ड्रॅगन मेला आहे. पाणी मागून येतंय. आणि पात्राला कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटतं. 'कोण आहे ते?' हे तुम्ही सांगू नका, खेळाडूला सांगू द्या.

चौथी पायरी: भूमिका वाटा

हिरोक्वेस्ट फसण्याचं एक अगदी साधं कारण असतं: एक जण ऑरलँथ होतो आणि बाकीचे तीन तास बघत बसतात. ग्लोरँथातल्या सगळ्यात मोठ्या मिथकात, प्रकाशदूतांच्या प्रवासात, ऑरलँथ एकटा जात नाही. बोलणारा इसारीज, ज्ञानी ल्हँकर म्हाय, वैद्य चलाना अरॉय, लबाड यूर्मल, मर्त्य माणसाच्या वतीने फ्लेश मॅन आणि गूढ गिना जार असे सात जण नरकापर्यंत जातात आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं. हे सूत्र लहान मिथकालाही लावा.

प्रत्येक खेळाडूला एक ठाणं असं द्या जिथे निर्णय त्याचाच राहील. शब्द देताना ऑरलँथ. जेवणाच्या दारी इसारीजचा उपासक पुढे येऊन बोलणी करू शकतो. झुंजीत योद्धा. सुटकेच्या वेळी वैद्य, कारण ड्रॅगनच्या पोटात राहिलेला हेलर धड उभाही राहू शकत नाही. परतताना जो मागे राहतो तो सगळ्यांचा पाठीराखा.

एखाद्या पात्राचा देव गोष्टीत कुठेच बसत नसेल तर त्याला बाहेर ठेवू नका. तो 'गोष्टीत नसलेला माणूस' म्हणून चालतो. पुष्कळदा गोष्ट वळते ती याच माणसामुळे.

पाचवी पायरी: फासे कधी, कशासाठी

प्रत्येक ठाण्यावर एक निर्णय आणि एक मोठा रोल. याहून जास्त रोल झाले की विधीचा जोर जातो. झुंज मात्र पूर्ण लढाईच्या नियमांनी चालवायला हरकत नाही, ड्रॅगनशी लढण्याचा थरार लोकांना हवाच असतो.

देवासारखं वागण्यासाठी रून किंवा पॅशनचं बळ कौशल्यामागे लावता येतं. साधं यश मिळालं तर कौशल्याला २०%, विशेष यश मिळालं तर ३०%, क्रिटिकल (सर्वांत मोठं यश) आला तर ५०% वाढ. चुकलं तर २०% घट, फंबल (सपशेल फसगत) झाला तर ५०%. हा नियम हिरोक्वेस्टसाठीच केल्यासारखा आहे. मात्र खेळाडूकडून नुसता आकडा घेऊ नका. 'हवेचा रून लावतो' एवढं म्हणणं पुरेसं नाही. 'मी छाती भरून श्वास घेतो आणि माझ्यामागे पालापाचोळा उठतो' असं काही त्याने बोललं पाहिजे.

रूनच्या जोड्याही वापरा. सत्य-भ्रम, गती-स्थैर्य, सुसंवाद-बेबनाव अशा जोड्यांची बेरीज १०० असते. एक चढला की दुसरा उतरतो. कोणत्या ठाण्यावर पात्र कोणत्या बाजूला झुकलं ते टिपून ठेवा, शेवटी बदल देताना उपयोगी पडेल.

आता एक घरचा नियम सांगतो, पुस्तकात तो सापडणार नाही. विधीच्या तयारीत खेळाडूंनी किती लोकांना सोबत घेतलं, त्यावर टेबलावर चिंचोके ठेवायचे. सरदार राजी झाला, एक चिंचोका. भूमीची देवी अर्नाल्डा हिच्या पुजारणीने आशीर्वाद दिला, एक. गाव सोडायला निघालेलं घर थांबलं, एक. हुकलेला रोल पुन्हा टाकायचा असेल तर एक चिंचोका उचलायचा. उचलला की जीएम लगेच दोन वाक्यांत सांगतो, त्या क्षणी गावात काय झालं: तीन रात्री जागून गाणारी म्हातारी कोसळली, सरदाराच्या हातातला जळता पलिता विझला, कुणीतरी रागाने रिंगणाबाहेर गेलं. देवकाळ आणि गाव यांच्यात दोर बांधलेला आहे, तो या दोन वाक्यांनी ताणलेला राहतो. शिवाय खेळाडू चिंचोका उचलण्यापूर्वी विचार करू लागतात.

सहावी पायरी: वाट सुटली तर

बहुतेक जीएम घाबरतात ते याला, आणि माझ्या मते हिरोक्वेस्टचा जीव इथेच आहे. वाट तीन प्रकारे सुटते. खेळाडूला गोष्ट आठवली नाही: कागद दाखवा, पुढे चला. फासे फसले: तिसऱ्या पायरीत लिहून ठेवलेली वळणवाट घ्या, काम थांबवू नका. आणि तिसरा प्रकार, खेळाडू जाणूनबुजून देवापेक्षा वेगळं वागतो.

झुंजीचं ठाणं. चलाना अरॉय उपचारांची देवी आहे आणि तिच्या व्रतस्थांनी कुणाला इजा करायची नाही, असं व्रत असतं. तिची उपासक असलेलं पात्र गटात आहे. ऑरलँथ झालेला खेळाडू वीज उगारतो आणि ती म्हणते:

'मी मध्ये उभी राहते. त्याला मारू देणार नाही.'

'अगं, पण गोष्टीत तो मरतो!'

'गोष्टीत मी नव्हते.'

अशा वेळी जीएमने 'पण मिथक असं आहे' म्हटलं की खेळ तिथेच मेला. त्याऐवजी असं म्हणा: 'बरं. अरोका तुझ्याकडे बघतोय. त्याच्या पोटात अख्खा पावसाळा आहे. तुझ्यामागे वादळाचा देव वीज उगारून उभा आहे आणि त्याचा हात थरथरतोय. अरोका विचारतो: मी पाऊस सोडला, तर मला काय देशील?'

वेगळं वागायला परवानगी द्या, पण किंमत लावा, आणि किंमत ठरवायचा हक्क खेळाडूला द्या. तिने म्हटलं, 'आमचं कुळ दर वर्षी पहिलं दूध तुला देईल,' तर तिने कुळाच्या वतीने शब्द दिला. पाऊस पडेल. पण तो मोकळा नसेल, करारातला असेल. ऑरलँथच्या पुजाऱ्याला हे सांगायला कोण जाणार? दुसऱ्या वर्षी दूध कमी पडलं तर? आणि पुढच्या पवित्र काळात मुलांना गोष्ट सांगताना ड्रॅगन मेला म्हणायचं की वाचला? तुमच्या पुढच्या चार सेशन्सची सोय झाली.

किंमत जेवढी मोठी तेवढाच बदल मोठा, एवढं प्रमाण सांभाळा. काहीच न देता मिथक बदलू दिलं तर मिथकाला वजन उरत नाही. ग्लोरँथाच्या इतिहासात गॉड लर्नर्स म्हणून लोक होऊन गेले. त्यांना वाटलं मिथकांचे सुटे भाग असतात, हवे तसे अदलाबदल करता येतात. त्यांनी दोन प्रदेशांच्या भूमातांचीच अदलाबदल करून बघितली आणि पिकं बुडाली. पुढे त्यांचं साम्राज्य लयाला गेलं. खेळाडूंपैकी कुणी 'इथून वीज घेऊ, तिथून तलवार जोडू' असा हिशेब करू लागला, तर ही गोष्ट पात्रांच्या आजीच्या तोंडून सांगा.

समोरची बाजूही जिवंत ठेवा. देवकाळात भेटणारा शत्रू नेहमी नुसता मिथकातला नसतो. तोही कुणाची तरी हिरोक्वेस्ट करत असू शकतो, आपल्या लोकांसाठी, आपल्या गोष्टीतून. अरोकाच्या जागी कुणी पाण्याच्या लोकांतला वीर उभा असेल, ज्याच्या गोष्टीत वादळाचा देव चोर आहे, तर? पहिल्या खेपेला हे नको. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जरूर करा.

सातवी पायरी: पदरात काय पडलं

सेशन संपताना तीन गोष्टी वाटा. गावाला एक वरदान, आणि ते पहिल्या पायरीतल्या गरजेशी जुळलेलं: पाऊस, गुरांना दूध, थांबलेली घरं. प्रत्येक पात्राला एक खूण: रून किंवा पॅशनमध्ये बदल, एखादा नवा नेम. परक्याच्या दारी जेवलेल्या पात्राचा द्वेष उतरू शकतो आणि त्याला आता कुणाही पाहुण्याला दार बंद करता येत नाही, अशी बंदी लागू शकते. तिसरी गोष्ट म्हणजे एक देणं, ते कुणाचं आहे आणि कधी वसूल होणार हे वहीत लिहा.

हिरोक्वेस्ट पूर्ण फसली तर? फसू द्या. गावाने चौदा दिवस उपास केले आणि पाऊस आला नाही. चिडलेले लोक, अपराधी वाटणारी पात्रं, शेजाऱ्यांच्या विहिरीकडे वळलेल्या नजरा. 'सगळे मेले' या निकालापेक्षा हा निकाल कितीतरी खेळण्यासारखा आहे.

टेबलावरच्या काही गोष्टी

देवकाळात शिरलो हे खेळाडूंना अंगावर जाणवलं पाहिजे. सगळ्यात सोपा उपाय थेट 'तू' म्हणण्याचा. गावात असताना 'तुझं पात्र शेताकडे जातं', देवकाळात 'तू ऑरलँथ आहेस, तुझ्या पायाखाली धूळ आहे'. प्रत्येक ठाण्याची सुरुवात एकाच ठरलेल्या वाक्याने करा आणि ते वाक्य नीट निवडा, कारण ते पाच वेळा म्हणायचं आहे.

आवाजही कामाला येतो. पालघर आणि नाशिककडच्या आदिवासी गावांत बोहाडा होतो, तिथे देवदेवतांचे मुखवटे घातलेली सोंगं एकामागून एक येतात आणि संबळाच्या ठेक्यावर नाचतात. मुखवटा चढला की बघणाऱ्यांसाठी समोरचा माणूस ओळखीचा शेजारी राहत नाही. मिथक अंगावर घेणं म्हणजे काय, हे ज्याने बोहाडा पाहिलाय त्याला वेगळं समजवावं लागत नाही. टेबलावर मुखवटे नकोत, पण ठाणं बदलताना एक ठरलेला ठेका लावला, डिस्कॉर्डवर खेळत असाल तर एक छोटी ध्वनिफीत लावली, तर खेळाडू लगेच गप्प होऊन ऐकायला लागतात.

मराठीत खेळत असाल तर यजमान, देव, म्हातारी यांना आपापली बोली द्या. ऑरलँथ पुस्तकी बोलला पाहिजे असं नाही, तो गुरं राखणाऱ्यांचा राजा आहे.

एक सावधगिरी. वृत्राचं सूक्त मी ठाण्याची रचना समजावी म्हणून सांगितलं. इंद्र, खंडोबा, यल्लमा यांना थेट खेळात आणायचं असेल तर आधी टेबलावर सगळ्यांना विचारा. ज्या देवाची कुणाच्या घरी पूजा होते, त्याच्या जागी उभं राहून चुकायला प्रत्येक जण तयार असेल असं नाही. मला स्वतःला कल्पित देव बरे वाटतात, त्यांच्याबाबतीत चुकायला मोकळीक असते. शिवाय द्वेष, मुलांचे मृत्यू, उपासमार या विषयांवर कुणाला नको वाटतंय का, हे पहिल्या पायरीतच विचारून घ्या.

पहिली खेप किती मोठी असावी

लहान. चार-पाच ठाणी, चार तास, एक गाव. प्रकाशदूतांचा प्रवास सगळ्यांनाच खेळायचा असतो. तो हर्मास्ट बेअरफूट या वीराने मर्त्य माणूस असून पूर्ण केला आणि अर्काट या योद्ध्याला परत आणलं, ही ग्लोरँथाच्या पहिल्या युगातली थोर घटना आहे. ती थोर आहे कारण तिथवर पोचणं दुर्मीळ होतं. तुमच्या गटाने तीन-चार लहान हिरोक्वेस्ट केल्या, कुळाच्या गोष्टी तोंडपाठ झाल्या, दोन-चार देणी डोक्यावर बसली, की मग त्या वाटेला लागा.

हिरोक्वेस्टनंतरच्या सेशनची सुरुवात लढाईने करू नका. गावात करा, आणि पहिला प्रश्न खेळाडूंना असा विचारा: 'लोक ही गोष्ट आता कशी सांगताहेत?' प्रत्येकाला एकेक वाक्य सांगू द्या, मग ते मिथकाच्या कागदावर खाली लिहा. पुढच्या वर्षी पवित्र काळात टेबलावर हाच कागद ठेवायचा आहे.